कापलेल्या तारांची ऊब

ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल पुढे जावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

पण ज्या बाईवर हे गुदरलं ती माझी सख्खी मामेबहीण आहे. सुरुची. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं गच्चीवर भुतांच्या गोष्टी सांगायला लागलो की ही जांभई देऊन खाली निघून जायची. तिला या प्रकाराचा मनापासून कंटाळा होता.

म्हणूनच तिने हे सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला.

जागा जर्मनीतली. नेकारसुल्मच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळ्यांच्या उतारावर एक लहानसं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्या घरात आजही माणसं राहतात. काळ गेल्याच्या गेल्या वर्षीचा हिवाळा. नाताळ आणि नवीन वर्ष यांच्या मधले ते दिवस, जेव्हा तिकडे जवळजवळ सगळं बंद असतं.

आणि हो... रात्र नव्हती. भर दुपारी घडलं हे.

सुरुचीचा नवरा सत्यजित नेकारसुल्मच्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. खाली शहरात घर मिळेना, म्हणून त्यांनी या गावातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला घेतला. खाली एक आजोबा एकटे राहायचे. घर चांगलं होतं, उजेडाचं होतं. फक्त हीटिंग जुन्या पद्धतीचं होतं. नाख्टश्पाइशर म्हणतात त्याला. भिंतीला टेकवलेली पत्र्याची मोठी पेटी, आत जड विटा रचलेल्या. रात्री विजेवर त्या विटा तापतात आणि दिवसभर साठवलेली ऊब सोडत राहतात.

एक पेटी बेडरूममध्ये. एक हॉलमध्ये.

आणि एक मागच्या अडगळीच्या खोलीत. ती बंद होती. तिच्या तारा भिंतीपाशीच कापून टाकलेल्या होत्या. घरमालक म्हणाला होता, "ती जुनी आहे, तिला हात लावू नका."

हात लावायचं काही कारणही नव्हतं.

नोव्हेंबरात अन्वी झाली. दिवस भरायच्या खूप आधी. मूठभर जीव. कितीतरी दिवस ती हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. डिसेंबरच्या मध्यावर घरी सोडलं, तेव्हा नर्सने सुरुचीचा हात धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. हिला गार पडू देऊ नका. हिला स्वतःची ऊब अजून राखता येत नाही.

बाळ घरी आलं आणि बेडरूमचा हीटर बंद पडला.

घरमालकाने इलेक्ट्रिशियन पाठवला. सुरुचीने दार उघडलं, तर समोर आपलाच माणूस! इचलकरंजीचा आत्माराम. दोन वर्षांपासून तिकडच्या एका छोट्या कंपनीत कामाला. मराठी ऐकून त्यालाही भरून आलं.

"बघतो की वहिनी. काळजी करू नका."

असल्या जुन्या पेट्यांतली धूळ विषारी असते, म्हणून त्याने बाळाला दुसऱ्या खोलीत न्यायला सांगितलं, तोंडाला मास्क लावला आणि पेटीचं पुढचं झाकण हळूच काढलं. मीटर लावला. एक कॉइल तपासली. दुसरी तपासली. मग पुन्हा पहिली.

"काय झालंय?" सत्यजितने विचारलं.

"कॉइल उडाल्यात, साहेब."

"किती?"

"सगळ्याच." आत्मारामने मास्क खाली ओढला. "एखादी जाते, दोन जातात. सगळ्या एका वेळी... हे कधी बघितलं न्हाई मी."

कॉइल मागवाव्या लागणार होत्या. मॉडेल जुनं. सुट्ट्या तोंडावर. सहा जानेवारीच्या आत काही मिळणार नाही, असं तो म्हणाला. जाता जाता मात्र थबकला आणि कान देऊन ऐकू लागला.

टक...

टक...

तापलेला पत्रा फुगताना जसा वाजतो, तसा आवाज. आणि तो मागच्या खोलीतून येत होता.

"तिकडचा चालू आहे होय?"

"नाही. तो बंदच आहे."

आत्मारामने जाऊन पाहिलं. वाकून मागे बॅटरीचा उजेड मारला. "हा तर मेलेलाच आहे. तारा कापल्यात. हॉलच्या पेटीचा आवाज भिंतीतनं येत असंल."

पटण्यासारखं होतं. ते पटवून घेतलं सगळ्यांनी.

अन्वीला घेऊन दोघं हॉलमध्ये झोपायला आले. तिथला हीटर उत्तम चालत होता.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तोही गार पडला.

सत्यजितने घरमालकाला फोन केले. तो आल्प्समध्ये स्कीइंगला गेलेला. तातडीच्या सेवेला फोन केले. ते म्हणाले, असल्या जुन्या पेट्या आम्ही उघडत नाही. खालचे आजोबा मुलीकडे गेलेले. मग दुकानातून आणलेला एक छोटा पंख्याचा हीटर चोवीस तास चालवून दिवस काढले. हे घडलं त्या दिवशी सकाळी त्यातून जळका वास आला आणि तोही संपला.

दुकानं उघडी नव्हती, रविवार होता. खाली शहरात मोहन नावाचा मित्र होता, त्याच्याकडे तेलाचा हीटर होता. पण मोहनच्या घरी सगळे फ्लूने आडवे. बाळाला तिथे न्यायची सोय नव्हती.

"मी गाडी काढतो," सत्यजित म्हणाला. "मोहन हीटर खाली जिन्यात ठेवतोय. गेलो आणि आलो. उद्या सकाळी सरळ हॉटेलात जाऊ. ठीक?"

"लवकर ये."

"आलोच गं."

तो गेला, आणि थोड्याच वेळात पाऊस सुरू झाला.

तो पाऊस आपल्याकडचा नव्हे. जमिनीला टेकला की बर्फ होणारा. ग्लाटआइस म्हणतात तिकडे. झाडाच्या फांद्या, रेलिंग, रस्ता, सगळ्यावर काच चढते. गाड्या जागच्या जागी फिरतात. सत्यजितचा फोन आला. तो खालच्या घाटवळणावर अडकला होता. पुढे ट्रक आडवा झालेला.

"मी चालत निघतो," तो म्हणाला.

"पडशील. थांब तिथेच."

"सुरू, ती कशी आहे?"

"बरी आहे," सुरुची म्हणाली.

खोटं बोलली ती. अन्वीचे तळवे गार पडायला लागले होते.

आणि मग लाइट गेली.

सुरुची म्हणते, लाइट गेल्यावर घर कसं गप्प होतं ते आपल्याला माहीत असतं. फ्रिज थांबतो. घड्याळाचा लाल आकडा विझतो. पण ही शांतता तशी नव्हती. कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी होती.

दुपारचे जेमतेम तीन वाजले असतील, पण बाहेरचा उजेड राखेसारखा झाला होता.

शेगडी विजेची. पाणी तापवायची सोय गेली. थर्मासमधलं गरम पाणी तिने रबरी पिशवीत भरलं, ती पिशवी बघता बघता कोमट झाली. तिने स्वेटर काढला, ब्लाउज काढला, अन्वीला उघड्या छातीशी धरलं, हॉस्पिटलात शिकवलं होतं तसं. वरून दुलई, त्यावर रजई, त्यावर सत्यजितचा कोट.

तिचे स्वतःचेच हात गार पडले होते. ऊब द्यायला तिच्या अंगात ऊब उरली नव्हती.

इमर्जन्सीला फोन लावला. तिकडची बाई शांत आवाजात बोलत होती.

"गाडी निघाली आहे. पण रस्त्यांची स्थिती तुम्हाला माहीत आहे. बाळ दूध पितंय का?"

"नाही. मघापासून तोंडच लावत नाही."

"रडतंय का?"

सुरुचीने खाली पाहिलं.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं... अन्वीचं रडणं थांबून बराच वेळ झाला होता.

"तिला हलवत राहा," फोनमधली बाई म्हणाली. तिचा आवाज आता तितका शांत नव्हता. "गरम जागी न्या. घरातली सगळ्यात गरम जागा कुठली आहे?"

घरात गरम जागा नव्हती. सुरुची बाळाला कवटाळून जिना उतरली, दार उघडलं. बाहेरच्या पायरीवर पाऊल टाकलं मात्र, पाय सटकला. तिने कठडा धरला म्हणून वाचली. रस्त्यापलीकडच्या घरात अंधार होता. ती ओरडली. मराठीत ओरडली, जर्मनमध्ये ओरडली. कुणीही आलं नाही.

ती परत वर आली. अन्वीचे ओठ निळसर दिसत होते.

"देवा, काहीही कर रे," ती मोठ्याने म्हणाली. "काहीही चालेल. कुणीही चालेल."

टक...

ती थांबली.

टक... टक...

मागच्या खोलीतून.

घरात वीज नव्हती. गावात वीज नव्हती. हॉलची पेटी दगडासारखी गार. भिंतीतून यायला आवाज उरलाच नव्हता.

तिने खोलीचं दार ढकललं.

तोंडावर ऊब आली.

रिकामी खोकी, सायकल, इस्त्रीचं टेबल. आणि कोपऱ्यात ती पेटी. सुरुची पुढे गेली आणि तिने पत्र्यावर हात ठेवला. छान तापलेला होता. भाजेल असा नाही... ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

तिने फोनचा उजेड पेटीच्या मागे मारला. भिंतीतून आलेल्या तारा कापलेल्या. पेटीतून आलेल्या तारा कापलेल्या. मध्ये वीतभर मोकळी जागा.

मी तिला विचारलं, "तू पळाली नाहीस?"

"कुठे पळू?" ती म्हणाली. "मला कळत होतं की हे होऊ शकत नाही. मला सगळं कळत होतं. पण माझं लेकरू मरत होतं गं."

तिने गाद्या आणल्या. पेटीला पाठ टेकून बसली आणि अन्वीला छातीशी घेतलं. पाठीतून ऊब शिरली, छातीतून पोरीकडे गेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आधी अन्वीची बोटं हलली. मग ओठ हलले. मग तिने बारीकसा आवाज काढला आणि दूध ओढायला लागली.

सुरुची ढसाढसा रडली.

रडता रडता तिला झोप लागली. कित्येक दिवसांची जागी होती ती.

जाग आली तेव्हा उजेड आणखी उतरला होता... आणि मांडी रिकामी होती.

अन्वी तिच्या उजव्या हाताला, पेटीच्या अगदी लगत, गादीवर निजली होती. तिचं पांघरूण घट्ट गुंडाळलेलं होतं. पायांकडून दुमडून वर घेतलेलं, मग दोन्ही बाजूंनी आवळून टोक आत खोचलेलं. सुरुचीला तसं गुंडाळता येत नाही. हॉस्पिटलातही तसं कुणी गुंडाळत नव्हतं.

पोर शांत होती. गाल गुलाबी होते.

सुरुची तशीच बसून राहिली. पेटीपासून हातभर अंतरापलीकडे खोली बर्फासारखी होती. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. अन्वीच्या नाकाशी एक बारीकशी वाफ दिसत होती. येत होती, जात होती.

आणि...

पेटीच्या त्या बाजूला, जमिनीपासून थोडीशी वर, जिथे कुणीही नव्हतं...

तिथेही वाफ येत होती.

सावकाश. आत, बाहेर. कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकून बसल्यासारखी.

सुरुचीच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाळाला उचलून धावत सुटावं असं तिला वाटलं. पण दारापलीकडे ती मारणारी थंडी होती. इकडे हे. तिने अन्वीच्या गालांकडे पाहिलं.

मग ती हळूच म्हणाली, "थोडा वेळ बसू द्या आम्हाला इथे. गाडी येईपर्यंत."

वाफ थबकली.

मग पुन्हा सुरू झाली.

पाठीमागचा पत्रा आणखी तापला.

तशी ती बसून राहिली. त्या वाफेकडे पाहत, पापणी न हलवता. शेवटी खालून हाका ऐकू आल्या. सत्यजित आला होता. गुडघे फुटलेले, कपड्यांवर बर्फ. त्याच्यामागे अँब्युलन्सचे दोघे, बुटांना खिळे लावून चढ चढत आलेले.

"सुरू! कुठे आहेस?"

"इथे! मागे!"

तिने अन्वीला उचललं आणि दाराकडे वळली.

पांघरूण मागे ओढलं गेलं.

तिला वाटलं, कशाला तरी अडकलं. तिने मागे पाहिलं. पांघरुणाचं एक टोक पेटीच्या दिशेने ताणलेलं होतं. ताठ. हवेत. ते कशालाही अडकलेलं नव्हतं.

तिने ओढलं. तिकडूनही ओढलं गेलं. जोरात नाही... हट्टाने.

"द्या ना," सुरुची म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "तुमचे उपकार आहेत. पण माझी आहे ती. द्या."

टोक ताणलेलंच.

"माझी आहे ती!" ती किंचाळली.

टोक खाली पडलं.

ती बाहेर धावली. हॉस्पिटलात अन्वीला तपासलं, सगळं व्यवस्थित होतं. डॉक्टर म्हणाल्या, "अशा थंडीत तुम्ही हिला इतकं उबदार ठेवलंत, शाबास."

सत्यजितने मात्र दोन दिवसांनी विषय काढला.

"तू त्या खोलीत का बसली होतीस?"

"तो हीटर गरम होता म्हणून."

"सुरू..." तो अडखळला. "तू बाहेर पळालीस तेव्हा मी आत जाऊन त्यावर हात टेकवला होता. बर्फ होता गं तो. माझा हात चिकटला त्याला."

सुट्ट्या संपल्यावर आत्माराम नव्या कॉइल घेऊन आला. बेडरूमची पेटी उघडली, मीटर लावला आणि बघतच राहिला. सगळ्या कॉइल ठणठणीत. हॉलच्याही. जणू कधी काही बिघडलंच नव्हतं.

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी, साहेब. उडालेल्या होत्या ह्या."

सुरुचीने त्याला मागच्या खोलीत नेलं. "हा उघड."

"ह्यात काय बघायचं?"

"उघड तू."

त्याने स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. मग त्याचा हात तसाच राहिला.

आत विटा नव्हत्या.

एकही नव्हती. कॉइल नव्हत्या. पत्र्याचं नुसतं रिकामं खोकं. तळाशी वर्षानुवर्षांची धूळ, बोटभर जाड. आणि त्या धुळीत मधोमध एक खोलगट जागा स्वच्छ झालेली. गुळगुळीत, गोल. मांजर रोज एकाच ठिकाणी निजलं की तिथे पडते तशी.

पण मांजराच्या मानाने मोठी. कितीतरी मोठी.

आत्मारामने झाकण लावलं. चहा टाकला होता, तो घेतला नाही. "हे मी उचलून नेतो, वहिनी," एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात पेटी गेली. महिन्याभरात सुरुची आणि सत्यजितने घर सोडलं आणि ते खाली नेकारसुल्ममध्ये राहायला आले. अन्वी आता घरभर धावते. ठणठणीत आहे.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात सुरुची अन्वीला डॉक्टरांकडे लस टोचायला घेऊन गेली होती. शेजारी एक तरुण जर्मन बाई तान्हं बाळ घेऊन बसलेली. बोलता बोलता निघालं की ती त्याच गावात राहते. उतारावरच्या त्याच घरात, वरच्या मजल्यावर.

"आम्ही राहायचो तिथे," सुरुची म्हणाली.

"खरंच? मग तिथल्या हीटिंगची कटकट तुम्हाला माहीतच असेल!" ती बाई हसली. "घर गरम म्हणून होत नाही. पण ती मागची छोटी खोली... म्हणजे बघा, तिथे हीटरच नाहीये, तरी किती छान ऊब असते ना? आम्ही पाळणा तिथेच ठेवलाय."

सुरुचीने तोंड उघडलं. बाळाकडे पाहिलं. गाल गुलाबी होते त्याचे.

तेवढ्यात त्या बाईचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. ती बाहेर आली तेव्हा सुरुची अन्वीच्या बुटांचे बंद बांधत राहिली.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.



"कारण मला भीती वाटलीच नाही," ती फोनवर म्हणाली. "मला राग आला गं. माझ्या अन्वीला धरून बसली होती ती. आता दुसऱ्याच्या पोराला घेऊन बसते."

सगळी गोष्ट सांगताना ती 'कुणीतरी' म्हणत होती. 'ती' पहिल्यांदा म्हणाली. मी विषय बदलला.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे.

सुरुचीला पुन्हा दिवस गेलेत. परवा सत्यजितचा फोन आला होता. आवाज दबका, बहुतेक बाल्कनीतून बोलत असावा.

"तुझ्याशी ती मोकळेपणाने बोलते म्हणून विचारतो," तो म्हणाला. "ते वरच्या गावातलं घर रिकामं होतंय म्हणे. हिला कसं कळलं, माहीत नाही. बाळ यायच्या आत तिथे परत जाऊ या, म्हणून मागे लागलीये. मी नाही म्हटलं... तर काल रात्रीपासून जेवली नाहीये."